शितावरून भात

संबा हंगामाचे भात जानेवारी-फेब्रुवारीत पिवळे पडले की तामिळनाडूत, तंजावरजवळच्या ओरत्तनाडु तालुक्यातल्या काही मोजक्या शेतांत कापणीच्या आधी एक छोटा सरकारी सोहळा होतो. कर्मचारी येतात ते सर्व्हे नंबरांची यादी आणि यादृच्छिक आकड्यांचा तक्ता घेऊन. कोणते शेत घ्यायचे ते तक्ता सांगतो. बांधापासून किती पावले आत जायचे, कुठे वळायचे, खुंटी कुठे ठोकायची, हेही तक्ताच सांगतो. मग दोरीने पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद असा चौकोन आखला जातो. आतले भात कापायचे, झोडायचे, तोलायचे आणि आकडा कागदावर लिहून सह्या घ्यायच्या. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. प्रमुख पिकासाठी एका गावात असे निदान चार प्रयोग व्हावेत, असा पंतप्रधान पीक विमा योजनेचा नियम आहे. चार चौकोन म्हणजे शंभर चौरस मीटर, आपल्याकडच्या हिशेबाने जेमतेम एक गुंठा. मुख्यतः त्या एका गुंठ्यावर गावातल्या सगळ्या विमाधारकांना पैसे मिळणार की नाही, आणि मिळाले तर किती, हे ठरते.

शितावरून भाताची परीक्षा करणे आपल्याला नवे नाही. पण भांड्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. गावाचे तसे नसते. कालव्याच्या तोंडाशी एक शेत असते, शेपटाकडे दुसरे. एकाचा मालक गावातच राहतो, दुसऱ्याचा चेन्नईत. मग गुंठाभर जमिनीवर विसंबून शेकडो एकरांबद्दल बोलण्याचे धाडस माणसाला आले कुठून?

या धाडसाची आपल्याकडची सर्वांत जुनी गोष्ट महाभारताच्या वनपर्वात सापडते. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला असतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण त्याच्याकडे एक नजर टाकतो आणि सांगतो की दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. नलाचा विश्वास बसत नाही. दमयंतीच्या स्वयंवराला पोचायची घाई असतानाही तो रथ थांबवतो, झाड तोडतो, फळे मोजतो. आकडा बरोबर निघतो. (पाच कोटी पाने मोजत बसला असता तर दमयंतीचे काय झाले असते, हा प्रश्न वाचकाने विचारू नये.) हे कसे साधले असे विचारल्यावर ऋतुपर्णाचे उत्तर असे की फाशांचे मर्म आणि मोजणीची विद्या दोन्ही मला अवगत आहेत. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरत, हे लक्षात घेतले की या प्रसंगातला झाडाचा आणि जुगाराचा संबंध उलगडतो. संभाव्यतेच्या इतिहासावर १९७५ साली गाजलेले पुस्तक लिहिणारा कॅनडाचा तत्त्वज्ञ इयान हॅकिंग या गोष्टीपाशी थबकला तो उगाच नव्हे. नमुना पाहून समूहाचा अंदाज बांधणे आणि नशिबाच्या खेळाचे गणित करणे ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत, असे या कथाकाराला वाटत होते. युरोपला ते वाटायला सतरावे शतक उजाडावे लागले.

मग हे गणित आपल्याकडे का झाले नाही? ‘आपले लोक दैववादी’ हे तयार उत्तर मला आळसाचे वाटते. दैववादी माणूस जोखमीचा दर ठरवत बसत नाही, आणि आपल्याकडे तो बारकाईने ठरवला जात होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा व्याज सव्वा पण धर्म्य मानले आहे. व्यापाऱ्याला पाच, अरण्यातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. हा सोळा पटींचा फरक म्हणजे वाघ, दरोडेखोर आणि वादळ यांची पणांत केलेली किंमत. पुढे पश्चिम किनाऱ्यावरच्या पेढ्यांत जोखमी हुंडी चाले. माल सुखरूप पोचला तरच ती वटायची. बुडाला तर पैसे देणाऱ्याचे पैसे बुडाले. कर्ज आणि विमा एकाच कागदावर.

गणिताचीही वाण नव्हती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) सहा रसांचे मिश्रण किती प्रकारे होईल याचे उत्तर ६३ असे काढलेले आहे, आणि शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे किती प्रकारे बदलता येतील याचे ३६,२८,८००. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण्याला आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. म्हणजे सावकार जोखमीची किंमत जाणत होता, पंडित शक्यतांची मोजणी जाणत होता. दोघे एका ओसरीवर कधी बसले नाहीत, एवढेच. पंडितासमोर आयुधे होती आणि स्वाद होते. त्यांतला कोणता प्रकार किती वेळा घडेल, हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही.

युरोपात तो विचारला जुगाऱ्यांनी. दोघांनी सारखे पैसे लावले, आधी तीन डाव जिंकेल त्याने सगळे न्यायचे, आणि दोन-एक असताना खेळ मोडला. पैसे कसे वाटायचे? इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ साली साधा उपाय सांगितला: जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात, दोनास एक. ऐकायला न्याय्य वाटते. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून तो मोडीत काढला. झालेले डाव मोजू नका, उरलेले मोजा, असे त्यांचे म्हणणे. दोन जिंकलेल्याने पुढचा डाव जिंकला तर चौसष्टच्या चौसष्ट नाणी त्याची. हरला तर बरोबरी, मग बत्तीस. म्हणून बत्तीस त्याची पक्की आणि उरलेल्या बत्तीसची निम्मी: अठ्ठेचाळीस एकाला, सोळा दुसऱ्याला. तीनास एक. घडून गेलेल्यावरून हक्क ठरवायची सवय मोडून अजून न घडलेल्या गोष्टीला नेमका भाव देणे, हे त्या पत्रांतले खरे नवेपण.

तिथून पुढे चाल वेगाने झाली. लंडनचा कापडव्यापारी जॉन ग्रॉन्ट याने १६६२ साली मृत्यूच्या आठवडी याद्यांतून नियमितपणा शोधला. १६९३ साली एडमंड हॅली, धूमकेतूवाला, याने ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता मांडला: एक वर्षाची हजार बाळे धरली तर विसाव्या वर्षी ५९८ उरतात, चाळिसाव्या वर्षी ४४५. त्या वर्षी छत्रपती राजाराम जिंजीच्या वेढ्यात होते आणि दक्षिणेला तंजावरच्या गादीवर त्यांचे चुलतभाऊ शहाजीराजे. जिंजीच्या तटावर उभ्या असलेल्या कोणाही शिपायाला हॅलीचा तक्ता निरर्थक वाटला असता, आणि शिपायाचेच बरोबर होते. तक्ता हजारांबद्दल बोलतो. हजारांतल्या तुमच्याबद्दल तो काही सांगत नाही. गणितज्ञ याकोब बर्नुली याच्या मृत्यूनंतर १७१३ साली छापलेल्या ग्रंथाने हे गणिताने पक्के केले. निरीक्षणे वाढवत नेली की सरासरी खऱ्या प्रमाणाच्या जवळ सरकत जाते. खात्री मिळते, पण ती गर्दीतच मिळते.

ओरत्तनाडुला जोखीम वाहण्याचा एक जुना मार्ग मात्र दगडचुन्यात बांधलेला होता. काशीहून रामेश्वरला जाणारी यात्रा तंजावर मुलखातून उतरे, आणि त्या वाटेवर भोसले राजांनी छत्रे बांधली. आपल्याकडच्या अन्नछत्रापेक्षा हा व्याप बराच मोठा. नीडामंगलमला यमुनांबेचे छत्र, आणि ओरत्तनाडुला १८०० च्या सुमारास दुसऱ्या सरफोजीराजांनी आपली सहचरी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ उभारलेले. त्यावरून गावालाही मुक्तांबापुरम म्हणू लागले. छत्रात येईल त्याला जेवण मिळे. आजारी पडला तर बरा होईपर्यंत औषधपाणी, मेला तर अंत्यसंस्कार. गरोदर बाईची देखभाल, तान्ह्या मुलांना दूध, वाटेत पोरक्या झालेल्या मुलांना आसरा आणि शिक्षण. आज आरोग्य विमा, प्रसूती लाभ आणि जीवन विमा असे जे वेगळे कागद आपण भरतो, त्यांतले बरेचसे एका छपराखाली होते. हप्ता नाही, पात्रतेची अट नाही. खर्चाला गावे लावून दिलेली, हिशेब मराठीत, मोडी लिपीत.

या व्यवस्थेचे कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. तिच्यात जोखीम नाहीशी होत नव्हती, यात्रेकरूच्या खांद्यावरून राजाच्या खांद्यावर जात होती. आणि राजाचा खांदा एकच. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि ते पेन्शनर झाले. लगेच प्रश्न उभा राहिला की छत्रांचे काय. १८०१ साली त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून छत्रांचे काम तपशिलाने सांगितले आणि ती चालू राहावीत अशी विनवणी केली. राज्यच जप्त झालेला राजा पांथस्थांच्या जेवणासाठी अर्ज लिहितो आहे! मला तो अर्ज करुण वाटतो, पण जोखमीच्या इतिहासाचा वाचक म्हणून त्यात आणखी काही दिसते. हजारो लोकांचे संकट ज्या एका माणसावर टांगलेले होते, तोच संकटात आला. १८५५ साली तंजावरची नावापुरती उरलेली गादीही खालसा झाली. त्याच शतकात मुंबईत उलट रीत रुजत होती. १८७० साली बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांना जादा दर न लावता आयुर्विमा द्यायला सुरुवात केली. तिथे दाता कोणीच नव्हता, सगळेच थोडे थोडे भरणारे.

आयुष्याचा विमा सोपा, कारण मेलेला माणूस मेला की नाही यावर वाद होत नाही. पिकाचे किती बुडाले यावर गावोगाव भांडणे होतात. ब्रिटिश अमदानीत याचे उत्तर आणेवारी होते. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. गावकामगार बांधावर उभा राहून नजरेने सांगे, बारा आणे, आठ आणे. सारा माफ होणार की नाही ते त्या नजरेवर ठरायचे, त्यामुळे नजर कोणत्या बाजूला झुके हे सांगायला नको. (महाराष्ट्रात पैसेवारी या नावाने ती अजून आहे, आणि पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर आजही मोर्चे निघतात.)

ही नजर बाजूला सारण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. लंडनला नेमन आणि पिअर्सन यांच्या हाताखाली संख्याशास्त्र शिकून आले आणि दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत बसून त्यांनी पीक कापणीचे शास्त्र घडवले. त्यांचे सहकारी इंदूरचे विनायक गोविंद पानसे यांनी चाळीसच्या दशकात वऱ्हाडातल्या कापसावर तीच पद्धत वापरली. दोघांचा वाद झाला तो कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी. महालनोबिसांचे म्हणणे, तुकडे लहान घ्या पण पुष्कळ घ्या. सुखात्म्यांनी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला गव्हावर प्रयोग करून दाखवले की तुकडा फार लहान केला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त भरते. कारण गणितात नव्हते, विळा धरणाऱ्या हातात होते. रेषेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की हात त्याला आत ओढतो. तुकडा जेवढा लहान तेवढी त्याची कड क्षेत्राच्या मानाने मोठी, आणि तेवढीच ही चूकही मोठी. १९४६-४७ मध्ये ‘नेचर’ आणि अमेरिकेच्या संख्याशास्त्र नियतकालिकात हे छापून आले. ओरत्तनाडुच्या शेतातला चौकोन दोन बाय दोनचा नसून पाच बाय पाचचा का, त्याचा तर्क या वादात आहे.

मोजता येऊ लागले तरी विमा लगेच आला नाही. १९७१ साली धर्म नारायण समितीने देशात पीक विमा नकोच असा निर्वाळा दिला. तरी १९७२ साली गुजरातेत एच-४ जातीच्या कापसापासून एकेका शेतकऱ्याचे नुकसान तपासून भरपाई देणारी योजना सुरू झाली. ती बंद झाली तोवर ३,११० शेतकऱ्यांकडून ४.५४ लाख रुपये हप्ता गोळा झाला होता आणि भरपाई गेली होती ३७.८८ लाख. कारणे जुगाऱ्यालाही समजतील अशी. ज्याचे शेत बुडायची धास्ती जास्त तोच विमा घेतो. आणि एकदा घेतला की फवारणीचा खर्च वाचवण्याचा मोह होतो.

यातून वाट काढली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकरांनी. तेही साताऱ्याचे, आणि मुळात संख्याशास्त्राचे. नीळकंठ रथांबरोबर १९७१ साली लिहिलेल्या ‘भारतातील दारिद्र्य’ या अभ्यासामुळे ते सर्वांना माहीत आहेत. पीक विम्यावरचा त्यांचा १९७६ चा लेख मात्र बाहेर फारसा कोणी वाचत नाही. मैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० सालच्या पुस्तकात सुचवलेली क्षेत्राची कल्पना दांडेकरांनी कापणी प्रयोगांना जोडली. शेतकऱ्याच्या शेताकडे पाहूच नका. त्याच्या भागाची सरासरी पाहा. ती ठरलेल्या पातळीखाली गेली तर तिथल्या सगळ्या विमेदारांना एकाच प्रमाणात पैसे द्या; ज्याचे पीक उत्तम आले त्यालाही. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते, पण यात लबाडीला जागा राहत नाही. तुम्ही शेत बुडवलेत म्हणून गावाची सरासरी हलत नाही, आणि नीट मशागत केलीत तर जादा पीकही तुमचे आणि भरपाईही तुमची. १९७९ साली या पायावर सर्वसाधारण विमा महामंडळाने प्रायोगिक योजना काढली. १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची पंतप्रधान योजना ही तिची वंशावळ.

आजचे सूत्र असे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन सरासरी काढायची, तिला ७०, ८० किंवा ९० टक्क्यांनी गुणायचे. हे उंबरठा उत्पादन. समजा ते हेक्टरी ४,००० किलो निघाले आणि चार चौकोनांवरून यंदाचे ३,००० ठरले. तूट पाव, म्हणून विमा संरक्षित रकमेचा पाव भाग मिळेल. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाच्या धान्याला दोन टक्के, रब्बीच्या दीड टक्का. बाकीचा भार सरकारांवर.

आता ओरत्तनाडुकडे परत पाहा. हा तालुका जुन्या कावेरी खोऱ्याच्या कडेला आहे. १९३४ साली मेट्टूर धरण झाले आणि कल्लणै बंधाऱ्यापासून निघालेल्या नव्या कालव्याचे पाणी इथल्या उंच जमिनीला मिळाले. मेट्टूरचे दरवाजे १२ जूनला उघडायचा रिवाज. पण धरणात पाणी हवे, आणि वर कर्नाटकात पाऊस हवा. २०२० साली ठरल्या दिवशी पाणी सुटले ते आठ वर्षांनी. अशा कालव्यावर एकाच गावात दोन नशिबे नांदतात. शेपटाकडच्या शेताला पाणी पोचले नाही, भात करपले, तरी तोंडाकडच्या शेतांनी सरासरी सावरली तर करपलेल्या शेताला शून्य. त्या शेतकऱ्याला कोणी ठकवलेले नसते. सूत्र अगदी बरोबर चाललेले असते, आणि तरी त्याच्या घरात पैसा येत नाही. नाराजी कापणी प्रयोगांवर फुटते: शेत कोणी निवडले, मला का बोलावले नाही. दांडेकरांना हे ठाऊक होते. भाग जितका एकजिनसी तितका हा अन्याय कमी, म्हणून पुढच्या योजनांनी तालुक्यावरून मंडळावर आणि मंडळावरून गावावर उतरण्याचा प्रयत्न केला. पण गावागणिक चार प्रयोग करायला माणसे कुठून आणणार? २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पन्नात उपग्रहाधारित अंदाजाला निदान ३० टक्के वजन द्यायचे ठरले. म्हणजे ऋतुपर्णाची नजर पुन्हा आली, आता बरीच उंचावरून.

सरासरीचा हा सारा डोलारा एका अटीवर उभा आहे, आणि ती अट बर्नुलीच्या ग्रंथातच होती: एकाचे नशीब दुसऱ्यापासून स्वतंत्र हवे. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या मध्ये किनाऱ्यावर आले आणि पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडु या पट्ट्यातल्या नारळबागा आडव्या करून गेले. भात बुडाले तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येते. उंच जातीच्या नारळाला फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. नारळाला विमा होता. नारळ विकास मंडळाच्या योजनेत ४ ते ६० वर्षांच्या झाडाला वयाप्रमाणे वर्षाला ९ किंवा १४ रुपये हप्ता, त्यातले तीन-चतुर्थांश सरकार भरत असे. तरीही बहुतेक बागा विम्याबाहेर होत्या. याला अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. ज्याने आयुष्यात एकही नारळ वाऱ्याने पडलेला पाहिला नाही, त्याच्या अनुभवात ती शक्यता शून्यच असते. गावाचा अनुभवही दोन पिढ्यांपुरताच. अशी वादळे त्याहून लांब अंतराने येऊ शकतात.

आणि सगळ्या झाडांना विमा असता तर? एका रात्रीत सगळेच दावेदार. त्या रात्री एक झाड पडले म्हणून शेजारचे उभे राहण्याची शक्यता वाढत नव्हती, उलट तेही पडणारच होते. गर्दी इथे उपयोगी पडत नाही. मग आणखी मोठी गर्दी शोधावी लागते, जिच्यावर तोच वारा वाहत नाही. स्वित्झर्लंडचे ग्लारूस हे गाव १८६१ साली आगीत जळाले तेव्हा स्थानिक विमा अपुरा पडला. त्यातून धडा घेऊन १८६३ साली झुरिकमध्ये विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी कंपनी निघाली. भारतात हे काम दांडेकरांची योजना प्रथम राबवणारे तेच सर्वसाधारण विमा महामंडळ २००० पासून करते, मुंबईतून. पीक विमा कंपन्या आपल्या जोखमीचा हिस्सा तिथे आणि तिथून परदेशी पुनर्विमा कंपन्यांकडे सोपवतात. मेक्सिकोचे वादळ, जपानचा भूकंप आणि तंजावरचे संबा भात एकाच खतावणीत येतात. त्या खतावणीतले वर्ष वाईट गेले की पुढच्या वर्षी दर चढतात. मग सरकारचा हिस्सा फुगतो आणि एखादे राज्य योजनेतूनच अंग काढून घेते. बिहारने २०१८ साली स्वतःची वेगळी योजना काढली, गुजरात २०२० साली बाहेर पडले.